फ्लूवरील विषाणुरोधक औषध: पहिल्या ४८ तासांत काय करावे

फ्लू आठवडाभरात आपोआप बरा होतो आणि त्यावर वेगळे औषध लागत नाही, असे पुष्कळ जण गृहीत धरून चालतात. निरोगी, तरुण माणसाच्या बाबतीत ते बहुतांशी खरेही ठरते. विश्रांती, पुरेसे पाणी आणि तापासाठी पॅरासिटामॉल एवढ्यावर तो उठून बसतो. मात्र इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर नेमके काम करणारी आजची प्रमुख औषधे १९९९ पासून वापरात येत गेली आहेत, आणि ज्यांचा आजार न्यूमोनियावर जाण्याची भीती असते अशा माणसांना ती वेळेत मिळणे महत्त्वाचे असते. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात, आणि लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केली तर त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो. खरी अडचण येथेच आहे. साधी सर्दी असेल, आज झोप काढू, उद्या बघू, असे म्हणता म्हणता दोन दिवस निघून जातात आणि डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत औषधाची उत्तम वेळ टळलेली असते.

हे दोन दिवस वाया जाऊ नयेत यासाठी कोणी काय करावे आणि औषध हातात आल्यावर ते कसे घ्यावे, हे पुढे सांगितले आहे. औषध ठरवण्याचे काम रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचेच आहे. येथे दिलेल्या मात्रा त्यांची चिठ्ठी समजून घेण्यासाठी आणि शंका आल्यास त्यांना विचारता यावे यासाठी आहेत, स्वतःच्या मनाने गोळ्या घेण्यासाठी नाहीत.

वेळ कोठून मोजावी

फ्लूची सुरुवात बहुधा अचानक होते. सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी अंथरूण धरतो. थंडी वाजून ताप भरतो, अंग आणि डोके ठणकते, कोरडा खोकला येतो, घसा दुखतो आणि उभे राहण्याचेही त्राण उरत नाही. साध्या सर्दीची चाल संथ असते. नाक वाहणे आणि शिंका यांनी ती सुरू होते, आणि प्रौढांना ताप आलाच तर तो सौम्य असतो. हा फरक प्रत्येक वेळी इतका स्पष्ट दिसेलच असे नाही. वृद्ध व्यक्तींना फ्लू होऊनही ताप येत नाही असे घडते. त्यांच्या बाबतीत एकाएकी आलेला अशक्तपणा, जेवण सुटणे किंवा गोंधळल्यासारखे बोलणे हीच पहिली खूण असू शकते. मुलांना याच आजारात उलट्या आणि जुलाबही होतात, आणि त्यामुळे पोट बिघडल्याचा समज होऊन खरा आजार लक्षात यायला उशीर होतो.

४८ तास मोजायचे ते पहिले लक्षण जाणवले त्या वेळेपासून. थर्मामीटर लावला ती वेळ, चाचणीचा निकाल आला ती वेळ किंवा डॉक्टरांची भेट ठरली ती वेळ येथे उपयोगाची नाही. म्हणून कणकण जाणवताच दिवस आणि अंदाजे तास कागदावर लिहून ठेवावा. तापाने ग्लानी आलेल्या माणसाला दोन दिवसांनी हे नीट आठवत नाही, आणि डॉक्टरांचा निर्णय मात्र बऱ्याच अंशी याच माहितीवर अवलंबून असतो.

ही घाई कशासाठी, हे विषाणूचे काम पाहिले की समजते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू श्वसनमार्गातील पेशीत शिरतो आणि त्या पेशीच्याच यंत्रणेकडून आपल्या असंख्य प्रती तयार करून घेतो. तयार झालेल्या प्रती बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागावरील सियालिक आम्लाला अडकून राहतात; तेथून सुटण्यासाठी विषाणूजवळ न्यूरामिनिडेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ऑसेल्टामिव्हिर, झानामिव्हिर आणि पेरामिव्हिर ही औषधे हेच विकर निकामी करतात, त्यामुळे नव्या प्रती जेथल्या तेथे अडकतात आणि शेजारच्या पेशींकडे त्यांचा प्रसार मंदावतो. बॅलोक्साव्हिर त्याही आधीच्या टप्प्यावर घाव घालते. विषाणूला आपल्या जनुकीय संदेशाची नक्कल सुरू करण्यासाठी लागणारे एंडोन्यूक्लिएज हे विकर ते बंद पाडते. दोन्ही पद्धतींत औषध नवी वाढ रोखते, पण आधीच झालेले नुकसान भरून काढत नाही. आणि ही वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिगेला पोहोचते. चौथ्या दिवशी जो ताप आणि जी अंगदुखी असते तिच्यात शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराचा वाटा मोठा असतो, आणि त्यावर या औषधांचा फारसा इलाज चालत नाही.

४८ तासांची मर्यादा ही मात्र दार बंद करणारी रेषा नाही. रुग्णालयात दाखल करावे लागलेल्या, श्वासाचा त्रास असलेल्या किंवा गर्भवती रुग्णांना त्यानंतरही औषध सुरू केले जाते, कारण त्यांच्या शरीरात विषाणू अधिक काळ वाढत राहू शकतो आणि उशिरा दिलेल्या औषधाचाही त्यांना उपयोग होण्याची शक्यता असते. दोन दिवस उलटून गेले म्हणून अशा रुग्णाने डॉक्टरांकडे जाणे टाळले, तर ती घातक चूक ठरेल.

वाट न पाहणाऱ्यांत आपण आहोत का

प्रत्येक फ्लूच्या रुग्णाला विषाणुरोधक औषध लागत नाही, ही गोष्ट आधी मान्य केली पाहिजे. याविषयी तज्ज्ञांत मतभेदही आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेनुसार, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या आढाव्यानुसार, ऑसेल्टामिव्हिरमुळे प्रौढांची लक्षणे साधारण ७ दिवसांवरून ६.३ दिवसांवर येतात, म्हणजे पाऊण दिवसाच्या आसपास फायदा होतो. आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण त्यामुळे घटते असे त्या समीक्षेला आढळले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या मुख्य यादीतून काढून पूरक यादीत ठेवले. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या संघटनेने गंभीर आजारी रुग्णांसाठी ऑसेल्टामिव्हिर सुचवले आहे, आणि ज्यांचा आजार अजून गंभीर नाही पण तसा होण्याचा धोका जास्त आहे त्यांच्यासाठी बॅलोक्साव्हिर सुचवले आहे. दोन्ही शिफारशी सशर्त आहेत. दुसरीकडे, अमेरिकेतील रोगनियंत्रण संस्था जोखमीच्या रुग्णांना घरी असतानाही लवकरात लवकर ऑसेल्टामिव्हिर देण्याची शिफारस करत आली आहे. या मतभेदातून सामान्य वाचकाने माझ्या मते एवढाच बोध घ्यावा की औषधाचा उपयोग किती, हे औषधापेक्षा रुग्ण कोण आहे आणि त्याला ते केव्हा मिळाले यावर अधिक ठरते.

ज्यांनी लक्षणे दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे असे लोक पुढीलप्रमाणे: ६५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्ती, ५ वर्षांखालील मुले, त्यांतही २ वर्षांखालील मुले विशेष, गर्भवती स्त्रिया आणि प्रसूतीनंतर दोन आठवड्यांच्या आतील माता, दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेले, हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेले, अपस्मार, पक्षाघात यांसारखे मज्जासंस्थेचे विकार असलेले, कर्करोगावरील उपचार, अवयवरोपण, एचआयव्ही किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेले, अतिस्थूल व्यक्ती, म्हणजे ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त आहे, आणि वृद्धाश्रमासारख्या संस्थेत राहणारे. १९ वर्षांखालील ज्या मुलांना काही आजारासाठी दीर्घकाळ ॲस्पिरिन सुरू आहे, तीही याच गटात येतात.

दमा आणि मधुमेह यांचा येथे मुद्दाम पुन्हा उल्लेख करावासा वाटतो, कारण हे आजार औषधाने आटोक्यात असले की माणूस स्वतःला आजारी समजतच नाही. सहा महिन्यांत दम्याचा झटका आला नाही म्हणून फ्लूच्या काळातील जोखीम नाहीशी झालेली नसते. आपण या यादीत असाल तर फ्लूची साथ सुरू होण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे की ताप आल्यास कोणाला फोन करावा, सुट्टीच्या दिवशी कोठे जावे आणि प्रत्यक्ष न भेटता सल्ला मिळू शकतो का. ही पाच मिनिटांची विचारपूस पुढे एक संपूर्ण दिवस वाचवते.

जोखमीच्या गटात नसलेल्या निरोगी माणसालाही ४८ तासांच्या आत औषध देता येते. घरी तान्हे बाळ किंवा कर्करोगाचा रुग्ण असेल तर तसे डॉक्टरांना जरूर सांगावे. निर्णयात त्याचाही विचार होतो.

डॉक्टरांना काय सांगावे, चाचणीचे काय करावे

फोनवर किंवा भेटीत पहिले वाक्य वेळेचे असावे: लक्षणे अमुक दिवशी, अमुक वाजता सुरू झाली. त्यानंतर ताप किती आहे, श्वास लागतो का, घरात किंवा कामाच्या ठिकाणी कोणाला फ्लू झाला आहे का, आणि आपल्याला कोणते जुने आजार आहेत हे सांगावे. सुरू असलेल्या सर्व औषधांची यादी जवळ ठेवावी, आणि तीत आम्लपित्ताच्या गोळ्या, कॅल्शियम, लोह, जस्त अशा पूरक गोळ्याही लिहाव्यात. त्या का महत्त्वाच्या आहेत ते पुढे येईल. मूत्रपिंडाचा विकार असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, शेवटचा अहवाल हाताशी ठेवावा. गर्भवती असल्यास, स्तनपान सुरू असल्यास किंवा पूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी आली असल्यास ते न विचारता सांगावे. मुलाच्या बाबतीत आजचे वजन सांगावे. शाळेत नाव घालताना नोंदवलेले जुने वजन चालत नाही, कारण लहान मुलांची मात्रा वजनावरच ठरते.

चाचणीबद्दल एक गैरसमज फार नुकसान करतो. नाकातील स्रावाची जलद अँटिजेन चाचणी काही मिनिटांत निकाल देते, पण फ्लू असतानाही ती बऱ्याचदा नकारात्मक येते. साथ जोरात असताना लक्षणे फ्लूची असतील, तर अशा नकारात्मक निकालाने फ्लू नाही असे ठरत नाही. आरटी-पीसीआर चाचणी अधिक भरवशाची असते, मात्र तिचा निकाल यायला वेळ लागू शकतो. म्हणूनच जोखमीच्या रुग्णात निकालाची वाट न पाहता औषध सुरू करणे ही मान्य पद्धत आहे. आपले डॉक्टर तसे करत असतील तर त्यात उतावळेपणा नाही. कोविडची लक्षणेही फ्लूसारखीच असतात आणि त्यावरची औषधे निराळी आहेत, त्यामुळे दोन्हींची चाचणी एकदम करायला सांगितली जाऊ शकते.

कोणते औषध कोणासाठी

सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे ऑसेल्टामिव्हिर. टॅमिफ्लू हे त्याचे मूळ व्यापारी नाव, आणि २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत ते घराघरांत पोहोचले. ते कॅप्सूल आणि द्रव अशा दोन रूपांत मिळते. १३ वर्षांवरील व्यक्तींसाठी उपचाराची नेहमीची मात्रा ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, ५ दिवस अशी असते. पोटात गेल्यावर यकृतात त्याचे क्रियाशील रूप तयार होते आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. त्यामुळे मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर मात्रा कमी करावी लागते, आणि डायलिसिस सुरू असलेल्यांचे वेळापत्रक पूर्णपणे वेगळे असते. गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी अनुभवाचा साठा सर्वांत मोठा असलेले हेच औषध पसंत केले जाते.

झानामिव्हिर हे तोंडाने ओढून घ्यायचे कोरडे चूर्ण आहे. ५ मिलिग्रॅमचे दोन झुरके, दिवसातून दोन वेळा, ५ दिवस, अशी त्याची मात्रा असून उपचारासाठी ते ७ वर्षांपुढील व्यक्तींना दिले जाते. चूर्ण थेट श्वासनलिकांत जात असल्याने दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांच्या नळ्या आकसून जीव घाबरा होऊ शकतो, म्हणून त्यांना ते देत नाहीत. त्यातील लॅक्टोजमध्ये दुधाच्या प्रथिनांचा अंश असतो. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांनाही ते वर्ज्य आहे.

बॅलोक्साव्हिर जपान आणि अमेरिका या दोन्ही देशांत २०१८ मध्ये संमत झाले. त्याचा मोठा गुण म्हणजे ते एकदाच घ्यायचे असते. शरीरात ते इतका दीर्घकाळ टिकते की एकच मात्रा पुरते. ती वजनावर ठरते: २० ते ८० किलोपर्यंत ४० मिलिग्रॅम आणि ८० किलो किंवा अधिक वजनाला ८० मिलिग्रॅम. पण त्याबरोबर एक पथ्य काटेकोरपणे पाळावे लागते. दूध आणि दुधाचे पदार्थ, कॅल्शियम मिसळलेली पेये, आम्लपित्तावरील किंवा पोट साफ करणारी काही औषधे आणि कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, जस्त किंवा सेलेनियम असलेल्या पूरक गोळ्या यांच्याबरोबर ते घेऊ नये, कारण हे घटक औषधाला बांधून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे उतरत नाही. एकाच मात्रेवर सारी भिस्त असताना तीच वाया गेली तर भरपाई करायला दुसरी नसते. गर्भारपणात, स्तनपान सुरू असताना आणि प्रतिकारशक्ती अगदीच खालावलेल्या रुग्णांना एकटे बॅलोक्साव्हिर देणे टाळले जाते.

पेरामिव्हिर शिरेतून देतात. प्रौढांना ६०० मिलिग्रॅमची एकच मात्रा किमान १५ मिनिटांत सोडली जाते. उलट्यांमुळे ज्यांच्या पोटात काहीच टिकत नाही त्यांना त्याचा उपयोग होतो.

अमँटाडिन आणि रिमँटाडिन ही जुनी औषधे कोठे वाचनात आली, तर ती फ्लूसाठी मागू नयेत. सध्या फिरणारे इन्फ्लुएन्झा ए विषाणू त्यांना जुमानत नाहीत आणि इन्फ्लुएन्झा बी वर ती मुळातच काम करत नाहीत.

घरी औषध घेताना

पहिली मात्रा मिळाल्याबरोबर घ्यावी. औषध दुपारी तीनला हातात आले आणि उद्या सकाळपासून सुरू करू असे ठरवले, तर ४८ पैकी किमती तास आपण आपणहून टाकून देतो. दिवसातून दोन वेळा घ्यायच्या औषधात पुढची मात्रा साधारण बारा तासांनी येईल असे वेळापत्रक बसवावे. ऑसेल्टामिव्हिर रिकाम्या पोटीही चालते, परंतु मळमळ आणि उलटी हे त्याचे सर्वांत नेहमीचे दुष्परिणाम असल्याने चार घास खाऊन घेतलेले बरे. अन्नाने त्याचा परिणाम घटत नाही आणि पोटाचा त्रास कमी होतो.

एखादी मात्रा राहून गेली तर आठवताच घ्यावी. पुढच्या मात्रेला दोन तास किंवा त्याहून कमी वेळ उरला असेल तर राहिलेली सोडून द्यावी आणि नेहमीच्या वेळेला पुढची घ्यावी. दोन मात्रा एकदम कधीही घेऊ नयेत. औषध घेतल्यावर लगेच उलटी झाली तर स्वतःहून पुन्हा न घेता डॉक्टरांना विचारावे.

तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, अंग हलके वाटते आणि उरलेल्या कॅप्सूल डब्यात जाऊन पडतात, हे फार घरांत घडते. पाच दिवसांचा कोर्स पाच दिवस घ्यावा. अर्धवट दाबलेल्या विषाणूला औषधाला दाद न देणारे रूप धारण करण्याची संधी देणे कोणाच्याच हिताचे नाही, आणि हा धोका काल्पनिक नाही: २००८-०९ च्या हंगामात तेव्हा फिरत असलेला नेहमीचा एच१एन१ विषाणू जगातील अनेक भागांत ऑसेल्टामिव्हिरला दाद देईनासा झाला होता. तो बदल प्रामुख्याने औषधाच्या वापराशिवाय पसरला होता हे खरे, पण विषाणू किती लवकर निसटू शकतो हे त्यातून दिसले. डब्यात उरलेल्या त्या चार कॅप्सूल पुढच्या वर्षी कोणाला तरी ताप आल्यावर बाहेर निघतात, हा दुसरा धोका. चार कॅप्सूल म्हणजे उपचार नव्हे. शिवाय पुढच्या वर्षीचा रुग्ण वेगळ्या वजनाचा, वेगळ्या मूत्रपिंडाचा असतो आणि त्याचा ताप फ्लूचा आहे की दुसऱ्या कशाचा हेही कोणी पाहिलेले नसते.

ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल विषाणुरोधक औषधाबरोबर घेता येते, मात्र सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असते, म्हणून वेष्टनावरील घटक वाचून एकूण मात्रा ओलांडली जाणार नाही याची काळजी घ्यावी. मुले आणि किशोरवयीन यांना फ्लूमध्ये ॲस्पिरिन देऊ नये. त्यामुळे राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूला इजा करणारा दुर्मीळ पण भयंकर आजार होऊ शकतो. एखाद्या मुलाला दुसऱ्या आजारासाठी ॲस्पिरिन सुरूच असेल तर ते परस्पर बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक, जिवाणूंवर काम करतात. फ्लूच्या विषाणूवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. फ्लूपाठोपाठ जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तर त्यांची गरज पडते, आणि ती आहे की नाही हे तपासणीनंतरच ठरवावे.

मुलांना औषध देताना

ऑसेल्टामिव्हिर अगदी दोन आठवड्यांच्या बाळापासून उपचारासाठी संमत आहे, पण मुलांच्या बाबतीत सर्वाधिक चुका मात्रा मोजण्यात होतात, म्हणून येथे जरा थांबून पाहणे आवश्यक आहे. एक वर्षापुढील मुलांची नेहमीची मात्रा अशी: १५ किलोपर्यंत ३० मिलिग्रॅम, १५ ते २३ किलो ४५ मिलिग्रॅम, २३ ते ४० किलो ६० मिलिग्रॅम आणि ४० किलोच्या पुढे ७५ मिलिग्रॅम, प्रत्येक मात्रा दिवसातून दोन वेळा, ५ दिवस. एक वर्षाखालील बाळांची मात्रा दर किलो वजनामागे मोजून काढतात.

चिठ्ठीत मिलिग्रॅम लिहिलेले असतात आणि आपल्या हातातील सिरिंजवर मिलिलिटरच्या खुणा असतात. ही दोन मापे एक नव्हेत. द्रव औषधाच्या बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम औषध आहे ते छापलेले असते. ते ६ मिलिग्रॅम असेल तर २० किलो वजनाच्या मुलाची ४५ मिलिग्रॅमची मात्रा ७.५ मिलिलिटर होते, आणि १२ मिलिग्रॅम असेल तर ती जेमतेम पावणेचार मिलिलिटर होते. दोन्ही तीव्रतेची द्रव औषधे वापरात राहिली आहेत, आणि गोंधळ टळावा याच हेतूने अमेरिकेत २०११ मध्ये १२ ऐवजी ६ मिलिग्रॅमचे द्रव आणले गेले. म्हणून औषध घेतानाच औषधविक्रेत्याकडून मिलिलिटरमधील आकडा चिठ्ठीवर लिहून घ्यावा आणि सिरिंजवर त्या रेषेपाशी खूण करून घ्यावी. घरातील चमचा मापासाठी वापरू नये. प्रत्येक वेळी बाटली नीट हलवावी, आणि ती कोठे व किती दिवस ठेवायची हे लेबलवर पाहावे, कारण पाणी घालून तयार केलेले द्रव थोडेच दिवस टिकते. द्रव औषध मिळाले नाही तर डॉक्टर किंवा औषधविक्रेते यांच्या सूचनेनुसार कॅप्सूल उघडून त्यातील कडू चूर्ण गोड द्रवात मिसळून देता येते.

औषध सुरू असताना, विशेषतः पहिले दोन दिवस, मुलाच्या वागण्याकडे लक्ष असावे. भ्रम होणे, असंबद्ध बोलणे, झोपेतून उठून सैरावैरा धावणे अशा घटना ऑसेल्टामिव्हिर घेणाऱ्या काही मुलांत नोंदल्या गेल्या, आणि त्यामुळे जपानने २००७ मध्ये किशोरवयीनांसाठी त्याच्या वापरावर निर्बंध घातले होते. फ्लूचा तापदेखील मुलांना असा भ्रम घडवतो. औषध न घेतलेल्या मुलांतही हे प्रकार दिसल्याने दोष औषधाचा असे सिद्ध झाले नाही आणि २०१८ मध्ये ते निर्बंध उठवले गेले. कारण कोणतेही असो, काळजी तीच: आजारी मूल रात्री एकटे झोपवू नये, खिडक्या आणि दार लावून घ्यावे आणि असे काही दिसताच डॉक्टरांना कळवावे.

अंगावर पुरळ, तोंडात फोड, चेहऱ्यावर सूज किंवा श्वासाला अडथळा ही ॲलर्जीची चिन्हे दिसली तर पुढची मात्रा न देता तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. मोठ्यांनाही हाच नियम लागू आहे.

औषध सुरू असूनही रुग्णालय गाठावे असे प्रसंग

औषध घेतले म्हणजे आता बिघडणार नाही, असे धरून चालू नये. मोठ्या माणसाला धाप लागली, छातीत दुखत राहिले, तो गोंधळला किंवा हाक मारूनही नीट जागा होईना, फिट आली, लघवी होईनाशी झाली किंवा उठून उभेही राहवेना, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. मुलांमध्ये श्वास फार जलद चालणे, श्वास घेताना बरगड्यांमधील जागा आत ओढली जाणे, ओठ किंवा चेहरा निळसर पडणे, आठ तास लघवी न होणे, रडताना डोळ्यांत पाणी न येणे, जागे असूनही खेळकरपणा किंवा नजरानजर नसणे आणि औषधाने न उतरणारा १०४ अंश फॅरेनहाइटच्या वरचा ताप ही चिन्हे तशीच गंभीर आहेत. १२ आठवड्यांखालील बाळाला कितीही कमी ताप आला तरी ते तातडीचे प्रकरण समजावे. एक चिन्ह मात्र लोक सहज सोडून देतात: ताप-खोकला कमी होऊन रुग्ण सावरला, आणि एक-दोन दिवसांनी ताप-खोकला पुन्हा उलटला. हे अनेकदा जिवाणूंच्या न्यूमोनियाचे लक्षण असते आणि त्यासाठी वेगळे उपचार लागतात.

घरातील इतर माणसे आणि लस

घरात एकाला फ्लू झाला की इतरांना प्रतिबंधासाठी हीच औषधे देता येतात, पण ती सरसकट सर्वांना देऊ नयेत असाच डॉक्टरांचा कल असतो. ज्याची जोखीम मोठी आहे आणि ज्याला लस घेता आलेली नाही किंवा ज्याला लसीचा पुरेसा उपयोग होणार नाही, अशा व्यक्तीसाठी हा मार्ग आहे. संपर्क आल्यापासून ४८ तासांच्या आत सुरुवात करावी लागते. ऑसेल्टामिव्हिरची प्रतिबंधक मात्रा उपचाराच्या निम्मी, म्हणजे दिवसातून एकदाच असते आणि ती ७ ते १० दिवस चालते. बॅलोक्साव्हिर असेल तर एकच मात्रा पुरते. प्रतिबंधक मात्रा सुरू असताना लक्षणे दिसू लागली तर लगेच डॉक्टरांना कळवावे, कारण आता तो उपचाराचा रुग्ण झालेला असतो आणि दिवसातून एक मात्रा त्याला अपुरी पडते.

रुग्णाने औषध घेतले तरी त्याच्यापासून संसर्ग होणे ताबडतोब थांबत नाही. तापाची गोळी न घेता किमान २४ तास ताप आला नाही आणि बाकी लक्षणेही उतरणीला लागली, की मगच त्याने कामावर किंवा शाळेत जावे. त्यानंतरही काही दिवस मास्क वापरणे योग्य.

ही औषधे दरवर्षीच्या लसीची जागा घेऊ शकत नाहीत. प्रतिबंधक मात्रेचे संरक्षण औषध सुरू असेपर्यंत आणि त्यानंतर फार थोडा काळच टिकते. टोचून घेण्याची लस निष्क्रिय असल्याने औषध सुरू असतानाही घेता येते, परंतु नाकात फवारायच्या लसीत जिवंत, दुर्बळ केलेला विषाणू असतो आणि विषाणुरोधक औषध त्यालाही रोखून लस निरुपयोगी करते. म्हणून ती घेण्यापूर्वी ऑसेल्टामिव्हिर किंवा झानामिव्हिर बंद होऊन ४८ तास, पेरामिव्हिरनंतर ५ दिवस आणि बॅलोक्साव्हिरनंतर १७ दिवस जाऊ द्यावे लागतात. लस घेतल्यानंतरच्या दोन आठवड्यांत यांपैकी एखादे औषध घ्यावे लागले तर ते टाळू नये. मात्र ती लस वाया गेली असे धरून दुसरी केव्हा आणि कोणती घ्यावी, हे डॉक्टरांना विचारावे.